गोल बसलेली परिषद

‘कशी झाली परिषद?’ हा प्रश्न ‘काय, बरं आहे ना?’ ह्या जातीचा आहे. त्याला खरं उत्तर द्यायचं नसतं. ‘छान झाली’ म्हणायचं, तिथे मिळालेली कापडी पिशवी टेबलाखाली सरकवायची आणि पुढच्या तासाला वर्गावर जायचं. आमच्या महाविद्यालयात सगळे असंच करतात. मीही बरीच वर्षं केलं. पण त्या दिवशी प्राचार्यांनी मला जिन्यात गाठलं. प्रवासानं माझे पाय दुखत होते, पोटात काही नव्हतं, आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून खरं निघतं.

“वाईट झाली,” मी म्हणालो.

प्राचार्य वर चालले होते, ते एक पायरी खाली आले. “वाईट म्हणजे?”

मग मी बोलत सुटलो. उद्घाटन लांबलं, ती भरपाई निबंधांच्या वेळातून केली. दोन दिवस मी लोकांच्या डोक्यांचे मागचे भाग पाहिले. त्यातले काही विद्वान मला आता मागून ओळखता येतात, पुढून नाही. प्रश्न कोणी विचारले नाहीत, कारण प्रत्येक सत्राचा अध्यक्ष म्हणायचा, ‘वेळेअभावी प्रश्न चहाच्या वेळी घेऊ’. आणि चहाच्या वेळी सगळे जण चहा शोधत होते.

प्राचार्यांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांना ‘सकारात्मक’ हा शब्द फार आवडतो. घराला आग लागली तरी ते आधी उजेडाबद्दल बोलतील.

“हे फार सकारात्मक आहे,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यात आपली परिषद आहे. ‘परिषद अनुभव मूल्यमापन व सुधारणा समिती’चे तुम्ही अध्यक्ष.”

“आणि सदस्य?”

“सध्या तुम्हीच.”

एरवी मी पाठदुखीचं निमित्त सांगून ह्यातून निसटलो असतो. माझी पाठ ह्या बाबतीत मला नेहमी साथ देते. पण मधे माझी विद्यार्थिनी होती.

मी भूगोल शिकवतो. ही मुलगी माझ्याकडे पीएच.डी. करत होती, आणि तिचा विषय होता पायवाटा. म्हणजे माणसं चांगला पक्का रस्ता सोडून मैदानातून, गवतातून आडवी का जातात, आणि तशी वाट पडते कशी. विषय ऐकून लोक हसतात. ती हसत नाही. मैदानाच्या कडेला वही घेऊन उन्हात बसून तिनं किती माणसं मोजली असतील, देव जाणे. पण परिषदेत ती सगळ्यांत लहान, म्हणून तिचा निबंध सगळ्यांत शेवटी. आणि शेवटी म्हणजे जिथे वेळ संपलेला असतो तिथे. त्या वाईट परिषदेत तर अध्यक्षांनी कमाल केली. “ह्यांचा निबंध वाचला असं समजू या,” असं म्हणून त्यांनी टाळ्याच वाजवल्या. लोकांनीही वाजवल्या. तिला प्रमाणपत्र मिळालं.

परतीच्या प्रवासात ती मला म्हणाली, “सर, निबंध वाचला असं समजायचं असेल, तर मी डॉक्टर झाले असं समजून घरी जाऊ का?”

मी विषय बदलायला खिडकीबाहेर बघितलं. बाहेरही काही नव्हतं.

“मला विम्याच्या ऑफिसातली नोकरी मिळतेय,” ती म्हणाली. “तिथे निदान माणसं समोर बसून प्रश्न विचारतात. आपल्या कॉलेजची परिषद होऊ दे, मग ठरवते. एका माणसानं, एका तरी माणसानं मला प्रश्न विचारला पाहिजे, सर. चुकीचा विचारला तरी चालेल.”

तर हे असं होतं. मला जगातल्या परिषदा सुधारायच्या नव्हत्या. मला एक प्रश्न हवा होता.

खुर्च्यांची कल्पना माझ्या बायकोची. ती हे नाकबूल करते, विशेषतः पुढचं सगळं झाल्यापासून. ती एका इस्पितळाच्या औषध-खिडकीत काम करते. जेवताना मी तिला विचारलं, की अनोळखी माणसं एकमेकांशी बोलावीत म्हणून काय करावं?

“काही करावं लागत नाही,” ती म्हणाली. “आमच्याकडे बाकं समोरासमोर आहेत. डॉक्टर यायच्या आत पेशंटांनी एकमेकांचा आजार विचारून औषधंसुद्धा ठरवलेली असतात. मला नंतर निस्तरावं लागतं.”

माझा घास हातातच राहिला. समोरासमोर! आमच्या सभागृहात सगळ्या खुर्च्यांची तोंडं व्यासपीठाकडे. एकमेकांकडे बघायचं म्हणजे मान मोडायची. खुर्च्या गोलात मांडल्या तर? एवढंच तर करायचं होतं! खुर्च्या उचलायच्या आणि गोल ठेवायच्या. लहान मुलंसुद्धा संगीत खुर्चीसाठी हे करतात.

“तेवढं करा आणि गप्प बसा,” बायको म्हणाली. “वरच्या मजल्यावर मात्र बोलू नका.”

वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे सल्ले शिल्लक राहिले आहेत, आणि ते खराब व्हायच्या आत वापरावेत अशी त्यांची धडपड असते. मी त्यांच्याशी बोललो नाही. मी फक्त जिन्यात खालून वर पाहत, हवेत बोटानं गोल काढत उभा होतो. तेवढं त्यांना पुरलं.

“प्रोफेसर, गोल म्हणजे किती गोल?” त्यांनी विचारलं. “कोणतीही गोष्ट मोठ्या प्रमाणावर करण्यापूर्वी लहान नमुना करून बघायचा. मी धरणाचासुद्धा केला होता. तुमचा दिवाणखाना आहे की.”

रविवारी सकाळी त्यांनी आमच्या दिवाणखान्यात खडूनं वर्तुळ आखलं. सोफा भिंतीला लावला, घरातल्या खुर्च्या, स्टुलं आणि शिलाई मशीनची बैठक त्या वर्तुळावर मांडली, आणि इमारतीतल्या माणसांना ‘चर्चेसाठी’ बोलावलं. चर्चेचा विषय त्यांनीच निवडला होता : पाण्याचा पंप. मी चर्चेतली शांतता मोजणार होतो. मोजायची वेळच आली नाही. तळमजल्याचे वकील आणि दुसऱ्या मजल्यावरच्या नृत्यशिक्षिका ह्यांच्यात गाडी लावण्यावरून अबोला होता. जिन्यात भेटले की दोघंही भिंतीचा रंग बघायचे. गोलात त्यांना एकमेकांच्या बरोब्बर समोरच्या जागा मिळाल्या. पाच मिनिटं दोघांनी छताकडे पाहिलं. मग वकील म्हणाले, “पंपाचं राहू द्या, मला आज एक विचारायचंच आहे.” त्यानंतर जे झालं ते तिसऱ्या इमारतीपर्यंत ऐकू गेलं. नृत्यशिक्षिकांनी रागानं पाय आपटला तेव्हा आमच्या कपाटातला काचेचा मोर पडून फुटला.

सगळे गेल्यावर बायको केरसुणीनं काचा आणि खडू गोळा करत म्हणाली, “रांगेत बसवलं असतंत तर एकमेकांच्या पाठी बघून गप्प बसले असते.”

“पण बोलले ना?” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी सुपली धरायला वाकलो. पण माझं काम झालं होतं. प्रयोग यशस्वी होता.

सोमवारी मी भांडारपालांकडे गेलो. महाविद्यालयातली प्रत्येक वस्तू ह्या गृहस्थांच्या ताब्यात असते, आणि आपण सगळे ती वापरून झिजवतो ह्याचं त्यांना मनापासून दुःख आहे. मी म्हटलं, सभागृहातल्या खुर्च्या जरा हलवायच्या आहेत.

“सभागृहात खुर्च्या नाहीत,” ते म्हणाले.

“मग आम्ही बसतो कशावर?”

“चार आसनी संयुक्तावर.”

मी सभागृहात जाऊन बघितलं. त्यांचं खरं होतं. एका समारंभासाठी सगळ्या खुर्च्यांना जमिनीपर्यंत लोळणारे निळे झगे शिवले होते, ते नंतर कोणी काढलेच नव्हते. हात घालून चाचपलं तर झग्याखाली चार-चार खुर्च्या लोखंडी पट्टीनं एकमेकींना जखडलेल्या. चौघींना एकदम उचललं तर सरळ रांगच उचलली जाणार. तिला वाकवून गोल करणं शक्य नव्हतं.

“सुट्या करू या,” मी म्हणालो.

भांडारपालांनी चष्मा काढला. “सर, एका संयुक्ताच्या चार खुर्च्या केल्या, तर एक वस्तू मोडीत निघते आणि चार वस्तू खरेदीशिवाय जन्माला येतात. त्यांचा बाप कोण म्हणून लेखापरीक्षक मला विचारणार.”

मी अर्ज केला. अर्ज ‘दुरुस्ती’ म्हणून बांधकाम विभागाकडे गेला. बांधकाम विभागानं ‘मोडलेलं काहीच नाही, मग दुरुस्ती कशाची’ असा शेरा मारून तो परत पाठवला. मी ‘तर मग नवीन रचना’ असं लिहिलं, म्हणून तो वास्तुविशारदाकडे गेला. तो परदेशी होता. हा सगळा काळ मी मधल्या सुट्टीत ह्या टेबलावरून त्या टेबलावर जात होतो, आणि सहकारी मला “काय गोलमालक, फिरताय का?” असं विचारत होते. पंधरा वर्षं मी लोकांना पृथ्वी गोल आहे असं शिकवत आलो, तेव्हा कोणी हसलं नव्हतं. शेवटी प्राचार्यांनी तोडगा काढला. ‘प्रायोगिक तत्त्वावर तात्पुरतं पृथक्करण’ असे शब्द त्यांनी स्वतः सुचवले. त्या शब्दांपुढे भांडारपालांचं काही चाललं नाही. ज्या गोष्टीचा अर्थ लागत नाही तिला हरकत कशी घेणार?

परिषदेच्या आदल्या दिवशी दुपारी फिटर आला. मोठा उत्साही माणूस. शीळ घालत त्यानं बोल्ट काढायला सुरुवात केली. आमचे इंजिनिअरही देखरेखीला आले होते. व्यासपीठावर उभे राहून ते “शाबास, पुढची!” म्हणत होते. झगे बाजूला न करता, खाली हात घालून बोल्ट काढले तर वेळ वाचेल, हा सल्ला त्यांचा. बोल्टांची बादली भरली. माझी छाती भरून आली. शेवटचा बोल्ट पडल्यावर इंजिनिअर म्हणाले, “प्रोफेसर, पहिल्या खुर्चीचा मान तुमचा.”

मी एका खुर्चीवर बसलो आणि डाव्या बाजूला आडवा झालो.

मला वाटलं माझं वजन वाढलंय. उठून दुसरीवर बसलो, तीही गेली. मग आम्ही झगा वर केला. दोन खुर्च्यांच्या मधे पाय एकच होता. चौघींपैकी पहिलीला दोन्ही बाजूंचे पाय. बाकीच्या तिघी शेजारणीच्या आधारानं इतकी वर्षं उभ्या होत्या. आणि आता आम्ही त्यांची फारकत करून दिली होती. तेवढ्यात कोणीतरी दार उघडलं, वारा आला, आणि आख्खं सभागृह एका अंगावर कललं.

फिटरची शीळ थांबली. इंजिनिअरांनी एक खुर्ची उलटी करून पाहिली. मग ते म्हणाले, “तत्त्व बरोबर होतं,” आणि घरी गेले.

“परत जोडता येतील?” मी फिटरला विचारलं.

त्यानं बादलीत हात घालून बोल्ट वर-खाली केले. “येतील की. पण उद्या सकाळपर्यंत नाही, सर. आता कुणाचा बोल्ट कुणाचा, हे शोधायला हवं.”

मी बाहेर पायरीवर बसलो. गावोगावचे लोक सकाळी येणार होते. भाड्याच्या खुर्च्यांसाठी फोन केले. कुठे लग्न, कुठे सभा. विद्यार्थिनी आली, तिनं आत डोकावलं, पडलेल्या खुर्च्या बघितल्या आणि माझ्या शेजारी बसली. मला वाटलं आता ही रडणार. पण ती समोर मैदानापलीकडे बघत होती. तिथे आमच्याच संस्थेचा बालवर्ग भरतो.

“सर,” ती म्हणाली, “त्यांच्याकडे आहेत.”

बालवर्गाच्या बाईंनी आमचं ऐकून घेतलं. बाई शांत, पण आवाजात असं काही की आपण आपोआप हाताची घडी घालावी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शाळेला सुट्टीच होती.

“खुर्च्या देते,” त्या म्हणाल्या. “पण मागे रेलायचं नाही. वर उभं राहायचं नाही. बिस्किटाचे हात पुसायचे नाहीत. आणि संध्याकाळी पाच वाजता मी स्वतः न्यायला येणार.”

“नक्की,” आम्ही दोघंही एका सुरात म्हणालो.

सकाळी सभागृहात मोठ्ठं वर्तुळ होतं. लाल, पिवळ्या, निळ्या खुर्च्या, गुडघ्याएवढ्या उंचीच्या, दोन्हीकडे छोटे हात असलेल्या. लहान मुलांना वाचता येत नाही म्हणून प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर चित्र : ससा, छत्री, बदक, आगगाडी. मी दारात उभा राहून प्रत्येकाला ‘हा एक नवा प्रयोग आहे’ असं सांगत होतो. चेहऱ्यावर आत्मविश्वास ठेवला होता. तो कसा दिसत होता हे मला माहीत नाही. लोक आत यायचे, थबकायचे, आणि मग, एवढ्या लांबून आलोच आहोत म्हणून, हळूहळू खाली जायचे. गुडघे हनुवटीशी यायचे. दोन विभागप्रमुखांना हत्तीच हवा होता. त्यावरून थोडं झालं. ज्यांना सशावर बसावं लागलं त्यांनी दिवसभर ते मनात ठेवलं.

प्राचार्यांसाठी व्यासपीठावरचा सोफा गोलात आणून ठेवला होता. ते त्यावर बसले आणि सगळ्यांच्या डोक्यावरून त्यांना फक्त समोरची भिंत दिसायला लागली. दहा मिनिटं त्यांनी कळ काढली. मग ते गुपचूप उतरून बदकावर बसले.

आणि मग मुख्य वक्ते आले. ह्या ज्येष्ठ प्राध्यापकांना सगळीकडे ‘थोडक्यात सर’ म्हणतात. ‘थोडक्यात सांगतो’ म्हणून ते सुरू करतात आणि पुढचे दोन वक्ते घरी जातात. विद्वान खरे, देहानंही भरभक्कम. भाषण झालं की लगेच गाडीत बसून निघून जातात. दुसऱ्या कोणाचं भाषण त्यांनी ऐकल्याचं कोणाला आठवत नाही. मी सोफ्याकडे हात केला. पण प्राचार्यांसकट सगळी सभा जमिनीलगत बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. “मीही इथेच,” असं म्हणून ते कासवाच्या खुर्चीवर बसले. बसताना एक आवाज झाला. बाटलीला बूच बसतं तसा.

“थोडक्यात सांगतो,” त्यांनी सुरुवात केली. आणि काय सांगू, खरोखरच थोडक्यात सांगितलं! पोट आणि गुडघे एकत्र आल्यामुळे त्यांना मोठं वाक्य पेलेना. एका दमात मावेल तेवढंच बोलत होते. जन्मात पहिल्यांदा त्यांचं म्हणणं लोकांना समजलं. भाषणानंतर त्यांचा ड्रायव्हर दारात आला. त्यांनी दोन्ही हात खुर्चीवर टेकून जोर केला. खुर्चीही वर आली. ते पुन्हा बसले. हे फक्त मी पाहिलं. त्यांनीही मला पाहताना पाहिलं.

“मी थांबतो,” ते गंभीरपणे ड्रायव्हरला म्हणाले. “मला सगळ्यांचं ऐकायचंय.”

त्यांचं जेवणही तिथेच नेऊन दिलं. सगळ्यांना फार कौतुक वाटलं. एवढा मोठा माणूस, पण जागचा हलत नाही!

आता परिषद चांगली चालली होती असं मी म्हणणार नाही. दोघांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, एक बाई उठताना शेजाऱ्याच्या मांडीवर बसल्या. पण माणसं बोलत होती. नावं लक्षात राहत नाहीत, चित्रं राहतात. त्यामुळे “आगगाडीवाल्या सरांना विचारतो,” “छत्रीवाल्या मॅडमना पटलेलं दिसत नाही,” असं चाललं होतं. न पटलेला चेहरा लपवायला कोणाचं डोकंच मधे नव्हतं. आणि कमरेला कळ लागत असल्यानं कोणीही लांबण लावत नव्हतं. दुपारनंतर चक्क वेळ उरला.

मग विद्यार्थिनीची पाळी आली. तिला निबंध वाचताना मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होतो. तिचा आवाज लहान, पण गोलात तो पुरला. वाट पडते कुठे, बुजते कधी, पावलं कुठे वळतात. तिनं नकाशे मधोमध जमिनीवर पसरले आणि लोक वाकून बघू लागले. ती थांबली. “एवढंच,” म्हणाली.

आणि सगळे गप्प.

मी घड्याळाकडे बघितलं नाही. बघायचं धाडस नव्हतं. मी स्वतः प्रश्न विचारू शकलो असतो. पण मार्गदर्शकाचा प्रश्न म्हणजे आईनं लेकीच्या गाण्याला ‘वा’ म्हणण्यासारखं. त्याला बाजारात किंमत नसते. आगगाडीवाले सर नाक खाजवत होते. छत्रीवाल्या मॅडमनी तोंड उघडलं आणि जांभई दिली. विद्यार्थिनी नकाशे गोळा करायला वाकली.

“थांबा,” थोडक्यात सर म्हणाले. “पहिला माणूस कोण?”

“सर?”

“वाट पडायच्या आधी. पहिल्या माणसाला कसं कळतं, इथून जायचं म्हणून?”

“त्याला काही कळत नाही, सर,” ती म्हणाली. “तो नुसता जातो. घाई असते. वाट पहिला माणूस पाडतच नाही. दुसरा पाडतो. त्याला गवत दबलेलं दिसतं.”

“हे मला मान्य नाही. मी ह्यावर लिहिलंय.”

“वाचलंय, सर.” तिचा चेहरा लाल झाला होता. “मला ते पटलं नाही.”

प्राचार्य बदकावर अस्वस्थ झाले. “सकारात्मक,” ते हळूच म्हणाले, पण कोणी ऐकलं नाही.

“का नाही पटलं?” थोडक्यात सर कडाडले.

“तुम्ही वाटा वरून बघितल्यात, नकाशावर. मी मैदानात बसले होते.”

“अहो, पण दुसरा माणूस चुकला तर?” छत्रीवाल्या मॅडमनी मधेच विचारलं. मग आगगाडीवाले सर म्हणाले की त्यांच्या घरामागेही अशी वाट आहे, आणि ती विनाकारण एका ठिकाणी वळते, ते का? “तिथे पूर्वी काहीतरी असेल. झाड, खड्डा,” ती म्हणाली, “ते गेलं तरी पावलं वळत राहतात.” “झाड होतं!” आगगाडीवाले सर ओरडले. “माझ्या वडिलांनी तोडलं!”

“खडू द्या मला,” थोडक्यात सर म्हणाले. “मी दाखवतो कुठे चूक आहे.” आणि ते त्वेषानं उठले.

खुर्चीसकट उठले. मागे कासवाचं चित्र, चार पाय आडवे हवेत, अशा थाटात ते फळ्याकडे गेले आणि रेघा ओढू लागले. दोघा-तिघांनी हसू लपवायला तोंडावर हात नेले. मी विद्यार्थिनीकडे बघितलं. ती त्या खुर्चीकडे बघतच नव्हती. ती रेघांकडे बघत होती.

“नाही, सर,” ती म्हणाली आणि दुसरा खडू घेऊन फळ्यापाशी गेली. “ही रेघ अशी जाणार नाही.”

मग हसायचं राहूनच गेलं. अर्धी सभा फळ्यापाशी गोळा झाली. समारोपाची वेळ गेली, प्राचार्यांचं अध्यक्षीय भाषण गेलं. ते कागद हातात घेऊन दोनदा उभे राहिले, दोनदा लोकांनी त्यांना “जरा बाजूला, फळा दिसत नाही” म्हटलं.

पाच वाजता बालवर्गाच्या बाई आल्या. त्यांनी टाळी वाजवली. सगळे विद्वान गप्प झाले आणि सरळ उभे राहिले. बाईंनी एकवार गर्दीकडे पाहिलं, मग थोडक्यात सरांच्या मागे गेल्या.

“हात वर करा,” त्या म्हणाल्या. “आता श्वास सोडा. सगळा सोडा. पोट आत.” आणि एका हिसक्यात खुर्ची त्यांच्या हातात आली. “दर आठवड्याला एक तरी अडकतं,” त्या म्हणाल्या आणि ती तपासून खुर्च्यांच्या चळतीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. न झालेल्या भाषणाचे कागद त्यांच्या टेबलावर तसेच होते. मूल्यमापन कसं करायचं, ह्याबद्दल त्यांचं माझं एकमत झालं नाही. त्यांच्या मते परिषदेत शिस्त नव्हती, मान्यवरांचा मान राहिला नाही, आणि एका मान्यवरांना फर्निचर चिकटलेलं सर्वांनी पाहिलं. माझी समिती बरखास्त झाली. त्या जागी ‘चार आसनी संयुक्त पुनर्जोडणी समिती’ नेमली गेली. तिचा अध्यक्ष आणि सदस्य कोण, हे मी विचारलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, “मग? मिळाला का तिला प्रश्न?”

“मिळाला. मग मोजायचे राहून गेले.”

“मग तोंड का असं?”

मी पुनर्जोडणीचं सांगितलं. तिनं मला गरम चहा दिला आणि माझा डावा खांदा, जो पहिल्या खुर्चीबरोबर जमिनीवर आपटला होता, चोळून दिला. ह्या सबंध प्रकरणात माझ्या बाजूनं झालेली एवढी एकच सुधारणा.

आठवडाभरानं विद्यार्थिनी वेगळ्याच उत्साहात आली. मला वाटलं विम्याचं बारगळलं.

“सोमवारी रुजू होतेय, सर,” ती म्हणाली.

मी खाली बसलो. “म्हणजे सोडलंस?”

“सोडीन कशी? घरी पैसे लागतात, म्हणून नोकरी. पण शनिवार मोकळा मागून घेतलाय. थोडक्यात सर म्हणालेत, ‘मैदान दाखव. तुझं चुकलंय हे मी जागेवर सिद्ध करतो.’ ते एवढ्या लांबून येणार आहेत. तुम्हीही या ना.”

“मला बोल्ट लावायचेत,” मी म्हणालो. थोडा फुगलो होतो. खरं तर तिनं आग्रह केला असता तर गेलो असतो. पण ती तेवढ्यात जिना उतरूनही गेली.

शनिवारी मी फिटरबरोबर सभागृहात होतो. तो खुर्ची धरायचा, मी बादलीतून बोल्ट द्यायचो, तो म्हणायचा, “हा नाही, सर.” काम मुंगीच्या पावलानं चाललं होतं. मधेच तो खिडकीपाशी पाणी प्यायला गेला आणि तिथेच थांबला.

“सर, त्या तुमच्या ताई मैदानात एका म्हाताऱ्या साहेबांशी भांडताहेत.”

मी उठून गेलो. गवतात ते दोघं उभे होते. थोडक्यात सर हातवारे करत होते, ती मान हलवत होती, नाही, नाही. मग त्यांनी काठीनं जमिनीवर काहीतरी दाखवलं, ती खाली बसून बघायला लागली, वर बघून पुन्हा काही बोलली, आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

“जाऊन सोडवू का?” फिटरनं विचारलं.

“खबरदार,” मी म्हणालो, आणि ऐकू यावं म्हणून खिडकीचं दुसरंही दार उघडलं.